पुराच्या दिवसांत पुस्तक वाचून खरंच काही फरक पडतो का?

सुईदोरा (सांगलवाडी)

नमस्कार मंडळी. मी घरी शिलाईकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात लिहिला तर तो "चांगली पुस्तकं सुचवा" असा होईल, आणि मला ते विचारायचं नाहीये.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आम्ही सासूबाईंना (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) घेऊन विट्याला पाहुण्यांकडं गेलो होतो. परत आलो तर भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ आणि शिलाई मशीन गाळात रुतलेलं. मशीनचं मला तेवढं वाटलं नाही, ते आपलं होतं. लोकांची कापडं घरात होती. एका मुलीच्या लग्नाचे सहा ब्लाऊजपीस होते, त्यातला एक तिच्या आजीच्या शालूतून कापलेला, जरीचा. तो मी चार वेळा पाणी बदलून धुतला. गाळ निघाला, वास गेला नाही. तसाच तिच्या हातात दिला. ती एक शब्द बोलली नाही, ते अजून लागतं.

माझ्या वडिलांची पुस्तकांची ट्रंक खाटेखाली होती. उघडली तर आत पुस्तकं नव्हती, कागदाची एक वीट झाली होती. एकच पुस्तक बचावलं, कारण आत्यांनी घर सोडताना ते चष्म्याच्या घराबरोबर पिशवीत टाकलं होतं. विनोबांचं 'गीता प्रवचने'.

२०२१ ला परत पाणी आलं. तेव्हापासून जुलै लागला की माझा फोन हातातून सुटत नाही. कोयना धरणातनं किती सोडलं, अलमट्टी धरणातनं किती चाललंय, आयर्विनला किती झालं. रात्री दोनला जाग येते आणि पहिला हात फोनकडं जातो. फूट बघून झालं की मग बाकीचं सुरू होतं. कुठं युद्ध, कुठं कुणाला कुणी मारलं, कुणाची नोकरी गेली. पूर ओसरतो, हे ओसरत नाही. परवा एका ब्लाऊजची बाही उलटी लावली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

ते बचावलेलं पुस्तक मी तीनदा हातात घेतलं. दहा पानं वाचते, सगळं पटतं. मग कुकरची शिट्टी होते, मी उठते, आणि उठलेली मी तीच असते. पटलेलं पानातच राहतं.

तर माझा प्रश्न असा. तुमच्यापैकी ज्यांच्या रोजच्या जगण्यात वाचनानं खरोखर काही बदललं, वाईट दिवसांत बदललं, त्यांनी ते पुस्तक वाचलं कसं? काय वाचलं त्यापेक्षा कसं वाचलं ते सांगा.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ताई, पूरवाल्याला पूरवाल्याचं कळतं, म्हणून आधी पाण्याचं बोलतो.

आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी शहरात शिरली. तुम्ही म्हणता तो फोनचा आजार मला त्यानंतर लागला. त्यावर मी एकच गोष्ट केली. एक दोनशेपानी वही घेतली आणि सकाळी सात व संध्याकाळी सात, एवढ्याच वेळी पाण्याची पातळी बघून ती हाताने वहीत लिहायला लागलो. मधल्या वेळी बघायचं नाही. आता मधल्या वेळी पाणी वाढलं तर? त्यासाठी आमच्या आळीत रात्रीच्या पाळ्या लावल्या. चार घरं, चार रात्री. ज्याची पाळी तो जागा, बाकीच्यांनी झोपायचं. एकट्याने जागं राहिलं की माणूस फोनकडे जातो. कुणीतरी जागं आहे हे माहीत असलं की झोप लागते. तुमच्या गल्लीत हे होऊ शकेल का बघा. कुठलंही पुस्तक उघडण्याआधी हे करा असं मी म्हणेन.

आता पुस्तकांचं. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २००५ च्या पुरात ते बुडालं होतं, २०२१ ला पुन्हा. हजारो पुस्तकं गेली. जी थोडी वाचवण्यासारखी होती, ती मी माझ्या घरच्या पुस्तकांबरोबर पडवीत वाळवली, पंखे लावून. ओलं पुस्तक उन्हात ठेवायचं नाही, कागद आकसतो आणि वेडावाकडा होतो. पानांमध्ये कोरा कागद सरकवायचा, तो भिजला की काढून दुसरा. चिकटलेलं पान सोडवताना घाई केली की अक्षरं समोरच्या पानाला लागून येतात, एक ओळ कायमची जाते. एका पानाला पाच-पाच मिनिटं लागायची. त्या पाच मिनिटांत समोर दिसणारं वाक्य आपोआप वाचलं जायचं. एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावरचं.

तीस वर्षं मी वाचनालयाचा सभासद आहे, आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारा. पण मला लक्षात राहिलेली वाक्यं त्या पडवीतली आहेत. तुम्ही "कसं वाचलं" विचारलंत, म्हणून सांगितलं.

---

अमळनेरकर

ताई, तुमच्या आत्यांनी चष्म्याच्या घराबरोबर जे पुस्तक वाचवलं, त्याबद्दलच लिहितो. गेली सहा-सात वर्षं मी तेच वाचतो आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, त्यामुळे गुरुजींचं नाव लहानपणापासून कानावर. हे पुस्तकही घरात होतं. पण मी ते उघडलं ते साठीनंतर, आणि तेही वेळ घालवायला म्हणून.

२०१८ मध्ये माझ्या पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्ही सकाळच्या गाडीने धुळ्याला जायचो. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना ठाऊक असेल, डाव्या हाताला फिस्चुला करतात, शीर आणि धमनी जोडून. त्यावर बोटं ठेवली की आत घरघर लागते, मांजर मांडीवर झोपल्यावर लागते तशी. ती घरघर चालू आहे का, हे मी रोज सकाळी उठल्याबरोबर बघायचो. आणि पाणी मोजायचं. तिला दिवसाला ७५० मिली सांगितलं होतं, त्यात चहा, वरण, औषध गिळायचं पाणी, सगळं आलं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढलं यावरून पाणी किती प्यायलं ते कळतंच.

खान्देशातला एप्रिल-मे म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. माणूस पाण्यासाठी तडफडतो, आणि मी माठ स्वयंपाकघरातून उचलून वरच्या खोलीत नेऊन ठेवला होता, तिला जिना चढवत नाही म्हणून. पेला भरून तिच्यासमोर ठेवायचो आणि निघून जायचो, कारण तिथं थांबलो तर ती अजून मागेल. मी नवरा राहिलो नव्हतो, पहारेकरी झालो होतो. चिडचिड व्हायची, मग चिडलो म्हणून स्वतःचा राग यायचा.

त्या चार तासांत मी पुस्तक वाचायला लागलो. मनातल्या मनात, दिवसाला एक अध्याय. सहा आठवड्यांत अठरा अध्याय संपले आणि तुमच्यासारखंच झालं. पटलं सगळं, उरलं काही नाही.

मग एकदा माझं लक्ष तारखांकडे गेलं. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी तिथल्या कैद्यांसमोर पहिल्या अध्यायावर प्रवचन दिलं, आणि १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय संपवला. मी कॅलेंडर मांडून मोजलं. बरोबर अठरा रविवार होतात, एकही खाडा नाही. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते, त्यांनी ते उतरवून घेतलं. म्हणजे ज्या लोकांनी हे पहिल्यांदा ऐकलं, त्यांनी एक अध्याय ऐकला आणि मग सहा दिवस तुरुंगातली आपापली कामं केली. पुढचा अध्याय त्यांना मागूनही मिळणार नव्हता. पुस्तकाचा तो वेग होता. मी तो मोडून वाचत होतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. आपल्याकडची अशी पुष्कळ पुस्तकं निवांत बसून लिहिलेली नाहीत. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं, पेन्सिलीनं. पुढं १९१२ मध्ये त्यांची पत्नी गेली तेव्हाही ते मंडालेतच होते. वाईट दिवस सरले की वाचू, असं आपण म्हणतो. लिहिणाऱ्यांनी तशी वाट पाहिली नव्हती.

माझ्या लहानपणी चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि दिवा मोठा करून कुणी पुढचं पान बघायचं नाही. "पोथी वाचली" असं कुणी म्हणत नसे, "पोथी लावली" म्हणत. मी ठरवलं, हे पुस्तक लावायचं. रविवारी सकाळी घरी एक अध्याय मोठ्याने वाचायचा, पत्नीला ऐकू जाईल असा. मग मंगळवार, गुरुवार, शनिवार, डायलिसिस चालू असताना त्याच अध्यायातली एक-दोन पानं परत, तीही मोठ्याने. आठवडाभर दुसरं काही नाही.

चौथ्या अध्यायाच्या आठवड्यात ते झालं. विनोबा तिथं कर्म आणि विकर्म असा फरक सांगतात. बाहेरून होतं ते कर्म, आणि त्यात आतून मन ओतलं जातं ते विकर्म. दोन्ही एकत्र आली की कामाचा बोजा वाटेनासा होतो, त्याला ते अकर्म म्हणतात. पहिल्या फेरीत मी हे वाचून मान डोलावून पुढे गेलो होतो. या वेळी तो अध्याय सात दिवस घरात होता, आणि पाण्याचा पेलाही घरात होता.

पाण्याचा हिशेब मी बदलला नाही, ७५० म्हणजे ७५०. पण त्यातलं शंभर मिली मी बर्फाच्या ट्रेमध्ये घालायला लागलो, लिंबाचे दोन थेंब टाकून. दुपारी दोन वाजता एक खडा वाटीत घेऊन तिच्याजवळ बसायचो. खडा जिभेवर विरघळायला बराच वेळ लागतो, घोटभर पाणी क्षणात संपतं. तो विरघळेपर्यंत उठायचं नाही, एवढंच मी स्वतःला घालून घेतलं होतं. तीन-चार दिवसांनी ती म्हणाली, "आज तुम्ही घड्याळ बघितलं नाही." त्याआधी मी बघत होतो हे मला माहीतच नव्हतं. त्याच संध्याकाळी माठ खाली आणला. ती त्याला शिवली नाही.

धुळ्याच्या सेंटरमध्ये शेजारच्या खाटेवर एक यंत्रमागावर काम करणारा मुलगा असायचा, पंचविशीचा. पहिले दोन महिने कानात इअरफोन घालून पडायचा. मग एक कानातला काढायला लागला, मग दोन्ही. सिस्टरही येता-जाता विचारायच्या, "काका, कुठवर आलं?"

२०२१ च्या डिसेंबरात पत्नी गेली. मध्ये काही महिने बंद पडून आमची तिसरी फेरी चालू होती, बारावा अध्याय. त्या दिवशी पुस्तकाने मला काही दिलं नाही, हे खरं सांगतो. दोन महिने मी ते उघडलंही नाही. मग एका शुक्रवारी त्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "काका, पुढं काय झालं?" गोष्ट अर्धी राहिल्यासारखा. शनिवारी मी एकटाच गाडीत बसलो, धुळ्याला गेलो आणि त्याच्या खाटेजवळ तेरावा अध्याय वाचला. अजून शनिवारी जातो.

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी. गुरुजींनी हे सगळं स्वतःच्या हाताने उतरवलं, आणि १९५० च्या जूनमध्ये त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. आमच्या गावाला ते दुःख अजून आहे. म्हणून पुस्तक पुरेसं आहे असं मी कधीच कुणाला म्हणत नाही. रात्री दोनची जाग रोजची झाली असेल, जीव घाबरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात कमीपणा काही नाही. पुस्तक त्याच्या सोबतीला राहू द्या.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच. मनात वाचू नका, आत्यांना वाचून दाखवा. रविवार ठरवा. एक अध्याय झाला की मिटवून ठेवा, चांगलं वाटलं तरी पुढं जाऊ नका. उरलेले सहा दिवस तुमच्या मशीनचे.

---

साधाप्रश्न (पुणे)

काकांचं वाचून गलबललो. पण एक विचारतो, राग मानू नका. मी देव मानत नाही, गीतेशी माझं नातं नाही. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, सदाशिव पेठेत सहा जण एका खोलीत. दोन वर्षं झाली, जाहिरात येते, परीक्षा पुढं ढकलली जाते. घरी लातूरला बाप विचारत नाही, तेच जास्त लागतं. माझ्यासारख्यानं काय लावायचं?

---

रात्रपाळी (मुंबई)

साधाप्रश्न, तुझ्यासाठी लिहिते, पण सुईदोराताईंनीही वाचावं.

मी नर्स आहे, मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात. २०२० च्या उन्हाळ्यात पीपीई किटमध्ये सहा-सहा तास असायचे. बाहेर आल्यावर बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या असायच्या, हातमोज्यातल्या घामाने. त्या काळात मला कुठलाही उपदेश सहन होत नव्हता, देवाचाही नाही आणि माणसाचाही नाही. हॉस्टेलच्या कपाटात आधीच्या कुणीतरी ठेवून गेलेलं दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' होतं. १९५६ चं पुस्तक. चैत्र, वैशाख असे बारा महिने, प्रत्येक महिन्याचा एक लेख. झाडं, पानं, पक्षी, आभाळ. कसं जगावं हे त्यात कुठंही सांगितलेलं नाही.

मी त्या महिन्याचा लेख त्या महिन्यात वाचायला लागले. वैशाखात वैशाख. ड्युटीवर जाताना जे झाड वाटेत दिसेल ते बघायचं, एवढंच. आमच्या आवारात एक बहावा आहे. तीन वर्षं मी त्याच्याखालून जात होते आणि तो बहावा आहे हे मला माहीत नव्हतं. त्या मे महिन्यात तो पिवळाधमक झुंबरांनी लगडला होता. रुग्णवाहिका त्याच्याखालीच थांबायच्या, त्यांच्या टपावर पाकळ्या पडलेल्या असायच्या. मी रोज किटमध्ये शिरण्याआधी एक मिनिट तिथं उभी राहायचे. फुलं किती गळली, शेंगा कधी धरतात ते बघायचे. मग वॉर्डात गेल्यावर माझ्या लक्षात यायला लागलं की मी पेशंटकडेही तसंच बघते आहे. आधी मी फक्त मॉनिटर बघत होते. ओठ कोरडे पडलेत, उशी मानेखालून सरकलीय, चष्मा नसल्यामुळे समोर कोण आहे हेच त्यांना दिसत नाहीये, हे मॉनिटरवर येत नाही. एका आजोबांचा चष्मा त्यांच्या सामानाच्या पिशवीत होता. पुसून घातला तर त्यांनी पहिल्यांदा माझ्या किटवर लिहिलेलं नाव वाचलं आणि मला नावाने हाक मारली.

कुणी म्हणेल, बाहेर जग जळतंय आणि तुम्ही फुलं बघा. याच दुर्गाबाई १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, आणि आणीबाणीविरुद्ध तिथं उघड बोलल्या. पुढं तुरुंगातही गेल्या. झाडाकडे नीट बघणारी बाई माणसांकडेही नीट बघत होती, असं मला वाटतं. आणि ताई, ते कराड तुमच्याच कृष्णेच्या काठावर आहे, वरच्या अंगाला.

तर साधाप्रश्न, सध्या कुठला मराठी महिना चालू आहे ते कालनिर्णयात बघ. तिथून सुरू कर. ढकललेल्या परीक्षेवर माझ्याकडे उत्तर नाही. आणि वडिलांना फोन तू कर.

---

सुईदोरा (सांगलवाडी)

सगळ्यांना नमस्कार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून बघायचं ठरवलं.

आधी पाण्याचं. चिपळूणच्या दादांचं ऐकून गल्लीत विचारलं. चार नाही, पाच घरं तयार झाली. पाचवं घर आमच्याशी पाच वर्षं बोलत नव्हतं, नालीच्या वादावरून. त्यांचा मुलगा म्हणाला, माझी पाळी मंगळवारी लावा. वही केली. सात आणि सात. आज सकाळी आयर्विनला २९ फूट, लिहिलं आणि मिटवली.

रविवारी पहिला अध्याय आत्यांना वाचून दाखवला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, त्यामुळं पुस्तक असून त्यांना वाचता येत नव्हतं. हे मला इतक्या दिवसांत सुचलं नाही. त्या अध्यायात एका न्यायाधीशाचा दाखला आहे. आयुष्यभर कितीतरी जणांना फाशी दिली, पण स्वतःचा मुलगा खुनाच्या आरोपात समोर आला तेव्हा म्हणायला लागला, फाशीची शिक्षाच अमानुष आहे. अर्जुनाचं तसंच झालं होतं, समोर आपली माणसं होती, असं विनोबा सांगतात.

आत्या ऐकून गप्प बसल्या. मग बुधवारी, मी हेमिंग करत असताना, एकदम म्हणाल्या, "पोरीचा फोन काढून घेतलास दहावीला. वाईट असतो म्हणालीस. तुझा मात्र सावधपणा." चार दिवस तो न्यायाधीश त्यांच्या डोक्यात फिरत होता तर. मी काही बोलले नाही. काय बोलणार, खरंच होतं. त्या रात्री नऊ वाजता माझा फोन मुलीच्या हातात दिला आणि म्हटलं, सकाळी सहाला दे. तिनं तो उशाशी ठेवला नाही, तांदळाच्या डब्यात ठेवला. मला वाटतं तिलाही बरं वाटलं. अजून दोनला जाग येते. पण उठून काय करायचं तेच नसतं, त्यामुळं पडून राहते, मशिनवर झाकलेल्या कापडाकडं बघत, कधीतरी लागतो डोळा. अमळनेरच्या काकांनी सांगितलंय तसं डॉक्टरांकडेही जाऊन आले. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला, गोळी चालू केलीय.

दुसऱ्या अध्यायातलं फारसं डोक्यात शिरलं नाही. पण काकांनी सांगितलंय म्हणून पुढं गेले नाही, आठवडाभर तोच ठेवला. तरी सगळं नाही कळलं. तसंच ठेवून तिसरा लावला.

उलट्या बाहीचा ब्लाऊज तसाच पडून होता. हात लावायची लाज वाटत होती. काल दुपारी घेतला. मशीनची शिवण उसवताना कापड ओढून चालत नाही, रेशीम असेल तर विरतं. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायचा, तोडायचा, दोरा ओढून काढायचा, मग पुढचा. चिपळूणच्या पडवीतली पानं आठवली. आत्या शेजारी बसल्या होत्या, तुटलेले दोरे वेचून वाटीत टाकत. दोन तास गेले. रेडिओ नाही, फोन नाही. बाही निघाली तेव्हा कापडाला एक भोक दिसत नव्हतं.

रात्रपाळीताई, आमच्या घाटावर एक पिंपळ आहे, पुरात बुडून वर आलेला. खोडावर २०१९ ची गाळाची रेघ आता दिसत नाही. बघायला गेले म्हणून कळलं.

काका, शनिवारी धुळ्याला गेलात की त्या मुलाला सांगलीहून विचारलंय म्हणून सांगा. आत्या विचारतात, तुमची आता कितवी फेरी चालू आहे, आणि कुठवर आलंय?